क्युरेटिंगने काही होत नसतं? मराठवाड्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातले सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतिगृह चालवणारे डॉक्टर,
तसेच आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

स. न. वि. वि.

तुमचं अक्षर मला वाचता येतं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दवाखान्यांच्या गल्लीत माझं मेडिकल आहे. डी. फार्म. झाल्यापासून त्याच काउंटरवर उभी आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या चिठ्ठ्या माझ्या हाताखालून गेल्या, आणि तुमच्यापैकी एकाच्या टेबलावर मी स्वतःही झोपलेली आहे. कुणाच्या, ते लिहिणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे 'आपण त्यातले नाही' म्हणून मोकळे होतात, आणि मला कुणालाच मोकळं सोडायचं नाही.

निमित्त झालं ते एका शिबिराचं. आमच्या गावात महिलांचं आरोग्य शिबिर होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, क्युरेटिंग (हत्याराने गर्भपिशवी आतून खरडणं) केल्यापासून माझी पाळीच गेली, त्याचं काय करावं? व्यासपीठावरून उत्तर आलं, "क्युरेटिंगने काही होत नसतं, ताई. दहा मिनिटांचं काम असतं ते. टेन्शन घेऊ नका, वजन कमी करा." पुढच्या खुर्च्यांवरचे लोक हसले. ती बाई पदर सावरून खाली बसली. मी हात वर केला तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. तिथे राहिलेलं बोलणं इथे लिहिते.

क्युरेटिंगने होतं, डॉक्टर. दर वेळी होत नाही, बहुतेकींना होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण होतं, आणि ते तुमच्याच पुस्तकांत छापलेलं आहे. १८९४ साली हाइनरिश फ्रिट्श या जर्मन डॉक्टरने बाळंतपणानंतर पिशवी खरडलेल्या एका बाईची पाळी कायमची बंद झाल्याची नोंद केली. पुढे जोसेफ अॅशरमन यांनी अशा बायकांवर सविस्तर लेख लिहिला, तेव्हापासून या दुखण्याला त्यांचंच नाव आहे, अॅशरमन सिंड्रोम. तो लेख १९४८चा. मराठवाडा निजामाच्या हातून सुटला त्याच वर्षी हे डॉक्टरी जगाला नीट कळालेलं होतं. आमच्या शिबिरापर्यंत अजून पोचायचं आहे.

हे पत्र इतर बायाही वाचतील म्हणून थोडं उलगडून सांगते. डॉक्टरांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं त्याचे दोन थर. वरचा थर दर महिन्याला पाळीवाटे पडून जातो. खालचा पडत नाही. त्यातूनच वरचा पुन्हा तयार होतो. आपल्याकडे जनावरांसाठी घास लावतात, तो महिन्याला कापला तरी बुडख्यातून फुटतच राहतो, तसंच हे. पण कुणी खुरपं घालून बुडखेच उपटले तर त्या जागी घास येत नाही. क्युरेट म्हणजे लांब दांड्याचं, टोकाला कडं असलेलं हत्यार, धारदार असतं. ते जास्त जोराने किंवा जास्त वेळ फिरलं की खालचा थरही निघून येतो. पिशवीच्या पुढच्या आणि मागच्या भिंती एरवीही एकमेकींना टेकलेल्याच असतात. दोन्हींवर उघडी जखम राहिली की भरताना त्या एकमेकींना धरून बसतात, मध्ये व्रणाचे दोरे तयार होतात. आपण बाया याला 'पिशवी चिकटली' म्हणतो, आणि ते अगदी बरोबर आहे. कुणाचा एखादा कोपरा चिकटतो, कुणाची सगळी पोकळीच बुजते. पाळी कमी होते किंवा जाते. पिशवीच्या तोंडाशी चिकटलं तर रक्त आत साठतं आणि महिन्याच्या महिन्याला कळा येतात, बाहेर मात्र काही नाही. दिवस राहत नाहीत, राहिले तर टिकत नाहीत. आणि टिकले तर पुढच्या बाळंतपणात वार पिशवीच्या भिंतीत रुतून बसण्याचा धोका असतो; तेव्हा होणारा रक्तस्राव जीव घेऊ शकतो.

सगळ्याचं खापर क्युरेटवर फोडायचं नाही. फायब्रॉइडच्या गाठी काढल्या, पिशवीतला जन्मजात पडदा कापला, सिझर झालं, बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला पिशवीला आवळून टाके घातले, तरी आत व्रण राहू शकतो. टीबीने तर कुणी हातही न लावता पिशवी चिकटते. त्यावर पुढे लिहिते. पण सगळ्यांत जास्त वेळा कारण सापडतं ते दिवस गेलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या पिशवीत फिरवलेलं हत्यार. त्या दिवसांत पिशवी मऊ असते. बाळंतपणानंतर दोन ते चार आठवड्यांनी वारेचा तुकडा राहिला म्हणून खरडलं तर धोका विशेष. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या अंगात अस्तर भरून आणणारं इस्ट्रोजेनही तेव्हा कमी असतं. गर्भ पोटातच दगावून बरेच दिवस झालेले असले तरी धोका वाढतो. आणि एकदा खरडून भागलं नाही म्हणून दुसऱ्यांदा खरडलं तर आणखी वाढतो. २०१४ साली दहा अभ्यास एकत्र करून ९१२ बायकांची माहिती तपासली गेली. गर्भ पडल्यानंतर वर्षभरात दुर्बिणीने आत पाहिलं तेव्हा साधारण पाचातल्या एकीच्या पिशवीत चिकटा होता. निम्म्याहून जास्त सौम्य होते, हेही त्यातच आहे. तरी पाचातली एक म्हणजे 'काही होत नसतं' नव्हे.

माझं सांगते. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते. त्याच दुपारी पिशवी साफ केली. वाट बघता येते, गोळ्यांनी पिशवी मोकळी करता येते, हे त्या दिवशी कुणी बोललं नाही. मी मेडिकलवाली, पिशवी मोकळी करणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी काय असते ते मला ठाऊक. पण टेबलावर झोपलेल्या बाईला कोण विचारतं? अंगावरून जायचं थांबेना म्हणून काही दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा खरडलं. त्या वेळी भूल पुरती चढली नव्हती. दुखण्यापेक्षा लक्षात राहिली ती आतली करकर, पाटीवर खडू ओरखडावा तशी. पुढे वाचनात आलं, की हत्याराखाली ही करकर लागली म्हणजे पिशवी 'साफ' झाली, असं तुम्हाला शिकवलं जायचं.

नंतर पाळी आली ती डाग पडल्यासारखी, एका दिवसाची. मग तीही नाही. ओटीपोटात कळा मात्र महिन्याला ठरल्या वेळी यायच्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, हार्मोनच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. साधी सोनोग्राफी नॉर्मल, 'अस्तर पातळ' एवढा एक शेरा. तुळजापूर झालं, माहूर झालं. शेवटी संभाजीनगरला एका डॉक्टरबाईंनी सगळे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "कधी क्युरेटिंग झालं होतं का? किती वेळा?" इतक्या दवाखान्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच. दुर्बिणीने आत बघितलं तेव्हा त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला होता. गुलाबी दिसायला हवं तिथे पांढरट पट्टे, आडवेतिडवे. ते बारीक कात्रीने सोडवले, भिंती पुन्हा टेकू नयेत म्हणून आत फुगा ठेवला, इस्ट्रोजेन दिलं, काही आठवड्यांनी पुन्हा बघितलं तर थोडं परत चिकटलेलं होतं. या दुखण्यात ते होतं, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पाळी थोडीफार परत आली. लेकरू झालं नाही. नवरा सोबत उभा राहिला म्हणून घर टिकलं. ज्यांचं टिकलं नाही अशा बायका माझ्या गल्लीतून रोज जातात. गाव त्यांना काय म्हणतं ते तुम्हालाही माहीत आहे.

आता काउंटरवरून दिसतं ते सांगते, कारण ते तुम्हाला तुमच्या खुर्चीतून दिसत नसावं.

पाळी येत नाही म्हणून आलेल्या बाईला नॉरइथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची चिठ्ठी मिळते. पाच-दहा दिवस गोळ्या, बंद केल्यावर आठवड्याभरात पाळी यायला हवी. महिन्याने तीच बाई, तीच चिठ्ठी. "ओ ताई, गोळ्या संपल्या की, पण काहीच आलं न्हाई." पुन्हा तीच स्ट्रिप. काहींच्या चिठ्ठीवर तर मागच्या चिठ्ठीचा फक्त आकडा बदललेला असतो, तारखेचा. या गोळ्या अस्तराला पडायला सांगतात. अस्तरच उरलं नसेल तर त्या कुणाला सांगणार? दिवस नाहीत याची खात्री करून आधी इस्ट्रोजेन, मग ही गोळी, इतकं करूनही रक्त आलं नाही, तर अडचण हार्मोनमध्ये नसून पिशवीत किंवा तिच्या वाटेत आहे, हे आम्हाला डिप्लोमाच्या पुस्तकात नव्हतं, पण तुमच्या एमबीबीएसच्या पुस्तकात आहे. गोळी लागू न पडणं हीच एक तपासणी आहे. तिचा निकाल तुमच्या हातात महिनोन् महिने पडून असतो आणि तुम्ही त्याच कागदावर पुन्हा तीच गोळी लिहिता. माझा धंदा होतो. बाईचं वय जातं.

माझी मुख्य तक्रार हत्याराबद्दलच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२च्या मार्गदर्शनात लिहिलं, की गर्भपातासाठी धारदार क्युरेटने पिशवी खरडणं ही जुनाट पद्धत आहे, तिच्याजागी सक्शन किंवा गोळ्या वापराव्यात. २०२२च्या नव्या मार्गदर्शनातही तेच. आपल्या केंद्र सरकारच्या सूचनाही सक्शनच्याच बाजूने आहेत. आणि सक्शन म्हणजे काही पुण्या-मुंबईतलंच यंत्र नव्हे. हाताने ओढायची प्लास्टिकची मोठी सिरिंज आणि तिला लावायची मऊ नळी, झालं. तिला वीजही लागत नाही. उन्हाळ्यात दुपारभर लाइट नसणाऱ्या आमच्या गावांना याहून सोयीचं काय असेल? तरीही चिठ्ठीवर 'डी अँड सी'च (म्हणजे क्युरेटिंगच) येते. का, याचं एक उत्तर मला गल्लीत ऐकू येतं: हात बसलेला आहे. दुसरं उत्तर कुणी मोठ्याने बोलत नाही. गोळ्या लिहून दिल्या तर बिल होतं शेकड्यात, थिएटर उघडलं तर हजारात. हे सगळ्यांना लागू नाही. ज्यांना लागू नाही त्यांनी राग मानू नये आणि ज्यांना आहे त्यांनी मनात मानावं.

बाई रक्ताच्या थारोळ्यात आली असेल तर तुम्ही आधी तिचा जीव वाचवणार, त्यात हातात जे असेल ते वापरणार, आणि तेच बरोबर. त्याबद्दल या पत्रात एक अक्षरही नाही. हे पत्र त्या बायकांबद्दल आहे, ज्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या, ज्यांच्याकडे दोन दिवस होते, ज्यांना पर्याय देता आला असता. आणि त्यांच्याबद्दलही, ज्यांची पिशवी कारण नसताना खरडली गेली. दिवस राहत नाहीत म्हणून 'एकदा पिशवी धुऊन घेऊ' हा प्रकार अजून आमच्या भागात सर्रास चालतो. सासवा स्वतः घेऊन येतात, "शेजारणीच्या सुनेला त्यानेच राहिलं" म्हणून. त्यांना कोण नाही म्हणणार, तुम्हीच ना? अस्तराचा तुकडा तपासायला हवा असेल तर तो बारीक नळीने ओपीडीतही काढता येतो.

आता कागदाची गोष्ट. माझ्या दुकानात शेड्यूल एच-वनचं एक रजिस्टर आहे. काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या काही गोळ्या विकल्या, की त्यात चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. औषध निरीक्षक आले की पहिलं तेच मागतात. एका स्ट्रिपच्या गोळ्यांसाठी एवढं. आणि माझ्या डिस्चार्ज कार्डवर काय होतं? एका ओळीत 'प्रोसिजर डन', खाली अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी. कशाने साफ केली, सक्शनने की क्युरेटने, काही नाही. किती निघालं, तपासायला पाठवलं का, काही नाही. दुसऱ्या वेळचं तर कार्डच नाही, पावती आहे. गर्भपाताचं रजिस्टर कायद्याने ठेवावं लागतं हे मला ठाऊक आहे, पण ते तुमच्या कपाटात राहतं, बाईच्या हातात नाही. आणि आपोआप पडलेल्या गर्भाला तर तेही नाही. पुढचा डॉक्टर विचारतो, आधी काय झालं होतं? बाई सांगते, पिशवी साफ केली होती. यावरून तो काय ओळखणार? हीच बाई पुढे गरोदर राहिली, तर वार रुतलेली असू शकते, बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, हे कुणाला सुचणार?

टीबीचं. खोकला नाही, ताप नाही, वजन ठीक, तरी टीबी पिशवीत असू शकतो. तो फुप्फुसातून रक्तावाटे आधी गर्भनळ्यांत जातो, तिथून अस्तरात उतरतो, आणि दोन्हींकडे व्रण करून ठेवतो. आपल्या देशात पिशवी चिकटण्याचं हे मोठं कारण आहे. परदेशी पुस्तकात ते एका ओळीत येतं म्हणून तुम्हीही ते एका ओळीत वाचलं असावं. वाईट याचं वाटतं, की पिशवीतून काढलेला तुकडा हाच तपासायचा नमुना असतो. क्युरेटिंग झालं, तुकडा बादलीत गेला, आणि वर्षभराने कुणाला तरी टीबीची शंका आली, असं मी जवळून बघितलं आहे. उलटही बघितलं आहे: पुरावा काही नाही, मूल नाही एवढ्यावरच सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू. दोन्ही नको. तुकडा फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला जातो तसाच थोडा सलाइनमध्ये सीबीनॅट आणि कल्चर या टीबीच्या तपासण्यांनाही जाऊ द्या. फॉर्मलिनमधला कल्चरला चालत नाही, हे तरी थिएटरमधल्या सिस्टरला सांगून ठेवा.

गोळ्यांचं दुखणं आमच्या बाजूचंही आहे. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळ्यांचं एकत्र पाकीट २००८ पासून देशात मान्य आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, नऊ आठवड्यांपर्यंत. पण स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धची मोहीम कडक झाली तेव्हा तपासणीचा बडगा या पाकिटांवरही आला, आणि आमच्याकडच्या दुकानदारांनी ती ठेवणंच सोडलं. कोण झंझट मागे लावून घेणार? वास्तविक नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही. लिंगनिदानाचा कायदा वेगळा, गर्भपाताचा वेगळा. दोन्ही एकाच काठीने हाकल्यामुळे झालं असं, की बाई कुठूनतरी, कुणाकडूनतरी, चिठ्ठीशिवाय गोळ्या आणते, अर्धवट पडतं, रक्त जायला लागतं आणि मग ती तुमच्याकडे येते खरडायलाच. जिल्हा शल्यचिकित्सक साहेब, हे तुमच्या आणि अन्न व औषध प्रशासनाच्या एका बैठकीत सुटण्यासारखं आहे.

आणि उसाचं. मराठवाड्यात राहून बायकांच्या पिशवीबद्दल लिहायचं आणि ऊसतोडीला वगळायचं, असं होऊ शकत नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. बाईने दिवस भरवला नाही की खाडा कापला जातो. चौथ्या महिन्यात मोळ्या उचलताना पोट पडलं, तर कारखान्याच्या जवळच्या कुठल्याशा दवाखान्यात पिशवी साफ होते आणि दोन दिवसांत बाई पुन्हा फडात. तिचा कागद कोपीत भिजतो. परत गावी आल्यावर पाळीचा घोळ आणि कळा घेऊन ती तुमच्या दारात येते. २०१९ साली सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. त्यातल्या किती जणींच्या कळांमागे आतला चिकटा होता, हे आता कधीच कळणार नाही, कारण पिशवीबरोबर उत्तरही गेलं. मी फक्त एवढं विचारते: काढण्याआधी दुर्बिणीने आत किती जणींच्या बघितलं गेलं?

आमच्या मागण्या लिहिते. 'आमच्या' म्हणते, कारण हा मजकूर मी काउंटरवर वाचून दाखवला तेव्हा बायकांनी त्यात भर घातली.

गर्भ पडला असेल किंवा पाडायचा असेल, आणि बाईचा जीव धोक्यात नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत धारदार क्युरेट वापरणं बंद करा. वाट बघणं, गोळ्या, सक्शन, हे पर्याय बाईला मराठीत, टेबलावर झोपवायच्या आधी सांगा. गर्भपात केंद्रांची तपासणी शल्यचिकित्सक कार्यालयाकडून होते. त्या तपासणीत सक्शनची सिरिंज आहे का आणि ती वापरली जाते का, हे बघा, नुसती कपाटात नको. बाळंतपणानंतर वारेचा तुकडा राहिला असेल आणि घाई नसेल, तर आंधळेपणाने न खरडता सोनोग्राफीखाली किंवा दुर्बिणीतून काढा, जिथे सोय आहे तिथे पाठवा.

पिशवीत हत्यार गेलं, मग ते कुठल्याही कारणाने असो, की बाईच्या हातात कागद हवा. का केलं, कशाने केलं, कितव्यांदा, तुकडा कुठे पाठवला. आणि खाली मराठीत ठळक अक्षरांत: सहा ते आठ आठवड्यांत पाळी आली नाही, अगदीच कमी आली, किंवा पाळी न येता कळा आल्या, तर परत या. सून सासूच्या धाकात असते, ती स्वतःहून येणार नाही. कागदावर डॉक्टरने लिहिलं असलं तर येईल. ऊसतोडीच्या बाईचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात द्या आणि गावच्या आशाताईला कळवा. ही भर घालणारी बाई स्वतः तेरा वर्षांची असल्यापासून फडावर गेलेली आहे.

क्युरेटिंगनंतर पाळी गेली असेल तर पाळीच्या गोळ्यांचा एक कोर्स पुरे. तो लागू पडला नाही तर आत बघा: सलाइन भरून सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, आणि शक्य तिथे थेट दुर्बीण. आठही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस दुर्बिणीने पिशवी तपासायला ठेवा आणि तो दिवस बाहेर फलकावर लिहा. आज बहुतेक बायांना त्यासाठी संभाजीनगर नाहीतर पुणे गाठावं लागतं. जाण्यायेण्याचं भाडं, एक दिवसाचा रोज आणि सोबत येणाऱ्याचाही रोज, एवढं जमवेपर्यंत वर्ष जातं. आणि पाळीच्या तक्रारीसाठी पिशवी काढायचा सल्ला देण्याआधी ही तपासणी झाली का, ते केसपेपरवर लिहिणं सक्तीचं करा.

तुमच्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते छापावं, फोटोसकट दिवाळी स्नेहमेळाव्याची बातमी छापता तसंच. शल्यचिकित्सकांनी आपापल्या जिल्ह्यात सक्शनची आणि दुर्बिणीची सोय कुठे कुठे आहे, याची यादी जाहीर करावी. मला ती यादी दुकानाच्या काचेवर लावायची आहे.

कळावे,
एक औषधविक्रेती,
परभणी जिल्हा